कंपाउंडलगत आडोशासाठी बांबू: अडीच फुटी पट्टीत कोणता चालेल? आणि पुढच्या वाफ्यात गवतं कोणती?

सुरंगी
नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेरला छोटा बंगला आहे. पूर्वेच्या कंपाउंडपलीकडे तीन मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या थेट आमच्या ओट्यावर उघडतात. तिथे बांबूचा आडोसा करायचा विचार आहे. जागेची माहिती अशी:

पट्टी ४० फूट लांब, भिंत आणि पेव्हर ब्लॉक यांच्या मधे अडीच फूट रुंद. भिंत ५ फुटी, सहा इंची ब्लॉकची, पाया फार खोल नाही. वर अर्धा फूट माती, खाली मुरूम. उत्तरेच्या टोकाला ड्रेनेजचा चेंबर आहे आणि त्यात येणारा चार इंची पीव्हीसी पाइप पट्टीतून तिरका गेलाय, साधारण दोन फूट खोल. सकाळचं ऊन इमारत अडवते; अकरा ते चार मात्र कडक ऊन. आडोसा १२ ते १५ फूट उंच हवा.

नर्सरीवाल्याने पिवळा बांबू सुचवलाय. दहा फुटी रोपं दीड-दीड फुटावर लावली की "लगेच भिंत तयार" म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, बांबू लावला की भिंत गेली, वर साप येणार ते वेगळंच. कोणाचं ऐकू?

दुसरं, गेटपासून पोर्चपर्यंत २५ फूट लांब, दीड फूट रुंद वाफा आहे. तिथे लॉन नको, उंच शोभेची गवतं हवीत. जांभळ्या तुऱ्यांचं एक फोटोत छान दिसतं. पोर्चजवळचे शेवटचे पाचेक फूट सावलीत असतात.

खुरपं
सुरंगीताई, पिवळ्याचा विचार सोडून द्या. बांबू निवडताना लोक उंची आणि रंग बघतात. बघायची असते ती बुंध्याशी लागणारी रुंदी. तुमच्याकडे ती अडीच फूट आहे, त्यामुळे अर्धी यादी इथेच बाद.

पिवळ्यावर हिरव्या रेघा असलेला तो बांबू म्हणजे बांबुसा व्हल्गॅरिसचा विट्टाटा. ३० ते ४० फूट जातो, काठी तीन-चार इंच जाड. त्याचं बेट सैल असतं, दोन काठ्यांत अंतर ठेवून पसरतं आणि काही वर्षांत पाच-सहा फुटांच्या आत मावत नाही. तुमच्या पट्टीत तो पेव्हर उचलणार. शिवाय खालचे आठ-दहा फूट नुसत्या काठ्या, पाला वर. फार्महाउसच्या कोपऱ्यात एक बेट सुंदर दिसतं, ते तिथेच.

तुम्हाला हवा तो हेज बांबू, बांबुसा मल्टिप्लेक्स. काठी पेन्सिलीपासून अंगठ्याएवढी, उंची १२ ते १८ फूट, पाला जवळजवळ जमिनीपासून, बेट घट्ट. छाटणी सोसतो. पिवळाच रंग हवा असेल तर याच्यात अल्फॉन्स कार नावाचा प्रकार येतो: बारीक पिवळी काठी, हिरव्या रेघा.

दीड फुटावर लावू नका. अडीच फुटावर एक लावा. चेंबरकडचे चार फूट आणि पाइप जिथून जातो तिथले दोन्ही बाजूंचे मिळून सहा फूट सोडले तर ३० फूट उरतात, म्हणजे १२ रोपं. पहिली दोन वर्षं मधे फटी दिसतील. त्या बुजवायला जास्तीची रोपं कोंबली तर चौथ्या वर्षी आतल्या सुकलेल्या काठ्या काढायला हातसुद्धा जात नाही.

आता "दहा फुटी रोपं" हा प्रकार. पिशवीतून जी काठी येते ती आयुष्यभर तेवढीच जाड राहते आणि उंचीही फारशी वाढत नाही. बांबूची काठी जमिनीतून निघते ती आपल्या पूर्ण जाडीनेच, आणि दोन-तीन महिन्यांत उंची गाठून थांबते. आडोसा होतो तो दरवर्षी येणाऱ्या नव्या, आधीपेक्षा उंच काठ्यांनी. म्हणून उंच रोपाचे जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. चार-पाच फुटी, पण बुडात पाच-सहा काठ्या असलेलं रोप घ्या.

घेताना एवढं करा. काठी बुडाशी धरून हळूच हलवा. मातीचा गोळा सोबत हलला तर ठीक. काठी एकटीच मातीत डुलत असेल तर कांडी नुकती खोचलेली आहे, खाली कंद नाही. मग माती बोटाने बाजूला करा. टोकदार, तपकिरी सालपटात गुंडाळलेला एखादा कोंब किंवा कंदावर फुगलेला डोळा दिसला पाहिजे. तो नसेल तर रोप पहिला पावसाळा नुसता बसून काढतं.

आणखी एक. "गोल्डन बांबू" या एकाच नावाने दोन वेगळी झाडं विकली जातात. एक वरचा विट्टाटा. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, जो बेट करत नाही, जमिनीखाली आडवा धावतो आणि १० फुटांवर डोकं काढतो. ओळख सोपी आहे: गाठीवर जिथून फांद्या फुटतात, त्या बाजूला काठीच्या वरच्या कांड्यावर उभी खाच असते, अंगठा फिरवला की कळते. गाठीला फांद्या बहुधा दोनच, एक लहान एक मोठी. बेटाच्या बांबूला एका गाठीवर झुबकाच्या झुबका फुटतो. खाच लागली तर रोप खाली ठेवा आणि निघा.

विटा_वाळू
भिंत आणि पाइपाबद्दल लिहितो.

काकांची भीती पिंपळ-उंबरावरून आलेली आहे. त्यांची मुळं भिंतीच्या फटीत शिरून वर्षानुवर्षं जाड होत जातात आणि भिंत फाडतात. बांबूची मुळं दोऱ्यासारखी असतात, ती जाड होत नाहीत. जोर करतो तो कंद आणि त्यातून निघणारा कोंब. हे सगळं वरच्या फूट-दीड फुटात चालतं. सिमेंटच्या धड भिंतीला त्याने काही होत नाही. वाळूवर बसवलेले पेव्हर मात्र कोंब अलगद उचलतो.

त्यामुळे अडथळा पेव्हरच्या बाजूला आधी हवा. पट्टीच्या कडेने चार इंची सॉलिड ब्लॉक उभे, दीड फूट खोल, सांधे सिमेंटने भरलेले आणि वरची कड मातीच्या वर दोन इंच. ही दोन इंच कड महत्त्वाची आहे. कंद वरून उडी मारून पलीकडे जातो, तो जाताना दिसला पाहिजे. भिंतीच्या बाजूला एक मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) शीट दोन फूट खोल सरकवला तरी पुरतो. शेततळ्याला वापरतात तो पातळ, अर्धा मिलिमीटरचा शीट नको, कोंबाचं टोक तो भोसकतं.

खरी चूक होते ती खोदताना. पाया उथळ आहे म्हणता. मग भिंतीलगत ४० फुटांचा सलग चर दोन फूट खोल खणून तो पावसात उघडा ठेवणं म्हणजे भिंतीखालची माती सोडवून घेणं. ओली भिंत अशाने झुकते, आणि त्याचं खापर नंतर बांबूवर फुटतं. सलग चर नकोच. प्रत्येक रोपाचा वेगळा खड्डा घ्या, भिंतीपासून नऊ इंच सोडून. एका दिवशी एकाआड एक खड्डे खणा, त्याच दिवशी भरा, उरलेले नंतर. शीटसाठीही पाच-सहा फुटांचे तुकडे करा, टोकं फूटभर एकमेकांवर घ्या.

पाइप पीव्हीसीचा आणि सांधे सॉल्व्हंट सिमेंटने नीट चिकटवलेले असतील तर मुळं आत जात नाहीत. ती जातात जुन्या चिनी मातीच्या किंवा सिमेंटच्या पाइपांच्या सांध्यात, आणि गळणाऱ्या चेंबरमध्ये. खड्डे घेण्याआधी चेंबर उघडून आतलं प्लास्टर बघा. पाइप जिथे शिरतो त्या भोकाभोवती फट असेल तर आताच भरून घ्या. खुरपं यांनी सांगितलेली मोकळी जागा सोडाच. उद्या पाइप बदलायचा झाला तर बेट खणून काढण्याइतकं त्रासाचं दुसरं काम नाही. तिथे मोठ्या कुंड्या ठेवल्या की आडोसाही तुटत नाही.

लाल_माती
मी कुडाळकडचा. आमच्याकडे माणगा बांधावर लावतात, काटेरी कळक ओढ्याकाठी. दोन्ही घराच्या अंगणात आणायचे नाहीत. माणग्याला काटे नसतात, काठी जवळजवळ भरीव, कामाचा बांबू तो. पण ३० फूट जातो.

खुरपंशी एका बाबतीत थोडा मतभेद. पट्टी चार फूट असती तर मी हेज बांबू सोडून थायरसोस्टॅकिस सुचवला असता, नर्सरीत मॉनेस्टरी बांबू म्हणून मिळतो. काठ्या सरळसोट, एकमेकींना चिकटून, जुनी सालपटं पांढुरकी होऊन काठीवरच राहतात, पाला बारीक. पण तो २५-३० फूट जातो आणि १५ फुटांवर शेंडा मारला की त्याची सगळी शोभा जाते. अडीच फुटात नकोच. तेव्हा हेज बांबूच बरा.

लागवडीचं सांगतो.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. खाली मुरूम आहे, म्हणजे खड्डा पावसात डबकं होणार. तळ पहारीने आणखी अर्धा फूट फोडून सैल करा, मग खड्डा पाण्याने भरून बघा. तीन-चार तासांत पाणी उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर तळ आणखी फोडा, नाहीतर रोप सहा इंच उंचवट्यावर लावा. बांबूला ओल आवडते, पण बुडात साचलेल्या पाण्याने नवे कोंब काळे पडून कुजतात.

भरायला एक भाग निघालेला मुरूम मोठे दगड काढून, एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. एका खड्ड्याला साधारण आठ-नऊ घमेली लागतात. त्यात पाव किलो निंबोळी पेंड. कच्चं शेणखत घालू नका, हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. पिशवीतल्या मातीची पातळी खड्ड्याच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली जाईल असं लावा, म्हणजे कंदाच्या वरच्या डोळ्यांनाही माती मिळते. वेळ जूनची, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. पाऊस असला तरी लावल्या दिवशी बादलीभर पाणी घाला, मुळांभोवतीची हवा निघते.

पहिला उन्हाळा हाच धोका. तुमच्याकडची हवा कोरडी, आमच्यासारखी नाही. मार्च ते मे एकाआड एक दिवस रोपाला दहा लिटर. ठिबक असेल तर तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर, सव्वा तास. पानं लांबट गुंडाळून सुईसारखी झाली की पाणी कमी पडतंय समजा. संध्याकाळी पाणी दिलं आणि सकाळी ती उलगडली तर काही बिघडलेलं नाही. सकाळीही गुंडाळलेली असतील तर उशीर होतोय.

गळलेला पाला झाडून टाकू नका. बुडात तीन इंच थर राहू द्या, ओल टिकते आणि त्यातलं सिलिका परत मिळतं. पेव्हरवर पडलेला तेवढा गोळा करून तिथेच आत टाका.

सापाचं. बांबूमुळे साप येत नाही, उंदरांमुळे येतो, आणि उंदीर येतो तो बेटात साठलेल्या कचऱ्यामुळे. नारळाच्या सोडणांचा ढीग, फुटक्या कुंड्या, जुन्या फरशा बेटामागे ढकलायची सवय असते, ती नको. खालच्या फांद्या जमिनीपासून दीड फूट काढून टाका, म्हणजे बूड उघडं दिसतं. पाला ठेवायचा पण भिंतीला टेकवून ढीग करायचा नाही. चापडा हा बांबूतला साप घाटात आणि कोकणात रानाला लागून असलेल्या घरांशी दिसतो. तिथल्या लोकांनी हातमोज्याशिवाय बेटात हात घालू नये.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. हेज बांबू नक्की केला. दोन शंका. १४ फुटांवर शेंडे कापले तर काठी पुन्हा वाढेल का? आणि दरवर्षी नेमकं काय कापायचं? पाला शेजारी पडला म्हणून भांडण नकोय. आणि बांबू कापायला परवानगी लागते म्हणतात, खरं का?

खुरपं
शेंडा मारलेली काठी पुन्हा उंच होत नाही. खालच्या गाठींवरच्या फांद्या मात्र दाट होतात, जे तुम्हाला हवंच आहे. नवीन कोंब १४ फूट गाठेपर्यंत थांबा, पानं उघडू लागली की कापा, साधारण ऑक्टोबरात. कोवळा, सालपटात असताना कापला तर काठी वरून कुजत खाली येते. कापताना गाठीच्या अर्धा इंच वर. मधेच कापली तर वर पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डास होतात. डेंगीच्या दिवसांत हा छोटा मुद्दा नाही.

वार्षिक काम एकच, पण तेच लोक टाळतात: विरळणी. तिसऱ्या वर्षानंतर दर हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तीन वर्षांपेक्षा जुन्या काठ्या बुडातून काढायच्या. एकूण काठ्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वर्षी नको. जुनी काठी कशी ओळखायची? या वर्षीची ताजी हिरवी, तिच्यावर पांढरट भुकटी आणि बुडाशी सालपट असतं. दुसऱ्या वर्षाची स्वच्छ, चकचकीत. तिसऱ्याच्या पुढची मळकट, तिच्यावर राखाडी शेवाळाचे डाग. नवी काठी कापू नका. पुढच्या पावसाळ्यातले कोंब तिच्याच कंदातून यायचे असतात. बेटाच्या बाहेरच्या बाजूच्या काठ्या सोप्या लागतात म्हणून माळी नेमक्या त्याच कापतो आणि आतल्या सुक्या तशाच ठेवतो. त्याच्याजवळ उभं राहून घ्या.

ऊन तुमच्या बाजूने येतं, तेव्हा काठ्या पेव्हरकडे झुकणार, शेजारी कमी. विरळणीत झुकलेल्या आधी काढा. पावसाळ्यात कड ओलांडून आलेला कोंब फूटभर झाला की पायाने ढकला, गाजरासारखा कटकन मोडतो. महिनाभर थांबलात तर करवत लागेल. पानगळ सगळ्यात जास्त फेब्रुवारी ते एप्रिल. शेजारच्यांचं पन्हाळ किंवा पाण्याची टाकी पट्टीलगत असेल तर त्यांना जाळी बसवायला आताच सांगून ठेवा.

परवानगीचं: भारतीय वन अधिनियम १९२७ मधल्या 'झाड' या व्याख्येत बांबू धरला होता, तो २०१७ मध्ये वगळला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू कापायला आणि न्यायला वनखात्याचा परवाना लागत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाचं काही वेगळं म्हणणं असेल तर वॉर्ड ऑफिसात एकदा विचारून ठेवा.

खत: मेअखेर प्रत्येक बेटाला दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड, बुडापासून फूटभर लांब, हलकं खणून. सप्टेंबरात पुन्हा एक घमेलं. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो आणि त्याच्या चिकट स्रावावर काजळी धरते, पानं काळी दिसतात. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. काजळी पुसत बसू नका, मावा गेला की ती सुकून गळते.

तुरा
गवतांचा प्रश्न मागे पडला, तो घेते.

जांभळ्या तुऱ्यांचं म्हणजे पर्पल फाउंटन ग्रास, पेनिसेटमचा रूब्रम. पुण्याच्या हवेला छान. एकच गोष्ट बघा: हे वांझ असतं, बियांपासून येत नाही, ठोंबांपासूनच होतं. कोणी "पर्पल फाउंटनचं बी" विकत असेल तर ते बहुधा हिरवं पेनिसेटम सेटेसियम असतं. ते वाऱ्याने बी उडवतं, दोन वर्षांत पेव्हरच्या सांध्यांत, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे. हवाईत ते माळरानंच्या माळरानं व्यापून बसलंय.

तुमचा वाफा दीड फूट रुंद आहे आणि हे गवत पसरून तीन फूट होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच वाटेवर लोंबणार. लोंबण्यातच त्याची शोभा आहे, पण गाडीचं दार त्या बाजूला उघडत असेल तर त्रास. दार उघडतं तिथले सहा फूट वेगळे काढा आणि तिथे उभट गवत लावा. म्हणजे वाळा. चार फूट सरळ उभा राहतो, मुळं आडवी जात नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. रांग हवी तर ठोंब आठ इंचांवर. गेटचा उतार असेल तर माती धरून ठेवायला याच्यासारखं दुसरं गवत नाही.

उरलेल्या १४ फुटांत फाउंटन अडीच फुटांवर, म्हणजे पाच-सहा रोपं पुरेत. पहिल्या वर्षी मधे झेंडू किंवा पोर्चुलाका लावा, दुसऱ्या वर्षी जागा उरणार नाही. रोपाचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा इंचभर वर राहिला पाहिजे. बांबूच्या उलट, हे खोल लावलं की पावसात मधून कुजतं. खत जवळजवळ नको. जूनमध्ये एक ओंजळ कंपोस्ट, बस्स. युरिया घातला की पाती लांब होऊन आडवी पडतात आणि मधे टकलासारखी जागा दिसते. अर्धं ऊन मिळालं तर रंग उतरून मळकट हिरवा होतो.

छाटणी फेब्रुवारीअखेर, वर्षातून एकदा. आधी झुडपाला कमरेशी सुतळीने घट्ट बांधा, मग गाठीखाली, जमिनीपासून सहा इंच ठेवून कापा. न बांधता कापलं तर कुसळं अख्ख्या पोर्चभर. पुढचे तीन आठवडे वाफा उजाड दिसतो, पाहुणे विचारतात गेलं का म्हणून. दिवाळीच्या आधी वाळलेली पाती आणि तुरे हाताने ओरबाडून घ्या. गेटशी भुईनळे लावतात आणि सुकं गवत एका ठिणगीने पेटतं. हे बांबूच्या पाल्यालाही लागू.

गवती चहा शोभेचा म्हणून कोणी धरत नाही, ते चूक आहे. दीड-दोन फुटांवर लावा, तीन फुटी गोल झुबका होतो आणि स्वयंपाकघराला पुरतो. पण पाती धारदार, वाटेपासून फूटभर आत ठेवा, मुलांच्या पोटऱ्या कापतात. मेअखेर सहा इंचांवर कापायचा. तीन वर्षांनी मधला भाग मरतो आणि बाहेरचं कडं राहतं. जूनमध्ये अख्खा गड्डा काढून कोयत्याने फोडा, बाहेरचे ठोंब पुन्हा लावा, मधलं फेकून द्या. फाउंटनलाही हेच.

पोर्चजवळच्या सावलीत खरं गवत नीट येत नाही. तिथे मोंडो ग्रास, जे नावालाच गवत आहे. पाच इंचांवर लावलं तर पाच फूट बाय दीड फुटाला चाळीस-पंचेचाळीस रोपं. पट्टेरी पांढरं घेतलंत तर उन्हाची तिरीपही नको, टोकं जळतात. गडद हिरवं जास्त सोसतं.

बागेचा नळ असेल त्याच्या खाली छत्रीसारखं दिसणारं सायपरस लावता येईल. नर्सरीत अंब्रेला पाम म्हणतात, खरं तर लव्हाळ्याचा भाऊ. पाय सतत ओला हवा, एवढंच मागतं.

आणि हे टाळा: पांढऱ्या पट्ट्यांचा उंच अरुंडो. फोटो फार सुंदर असतात, कंद फार लांब जातात. कुंडीत ठेवा, जमिनीत नाही. नदीकाठचं पांढऱ्या तुऱ्यांचं कास उपटून आणायचा मोहही आवरा, ते कंदाने आणि बीने दोन्हीकडून पसरतं.

गच्चीवाला
मधेच विचारतो. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत कठड्याला लागून वीटकामाचा दोन फूट रुंद, दोन फूट खोल हौद बांधून हेज बांबू लावला तर? लांबी २० फूट.

विटा_वाळू
नको. हिशोब करा. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, म्हणजे लांबीच्या प्रत्येक दोन फुटांत आठ घनफूट ओली माती. ओली माती घनमीटरला साधारण १७०० किलो धरली तर ते ३८० किलोच्या वर गेलं, तेही पाव घनमीटरपेक्षा कमी मातीत. जागा व्यापते ०.३७ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला हजार किलो, विटांचं वजन वेगळं. वावरायच्या गच्चीच्या स्लॅबसाठी आपल्या आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या मानकात धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. तुमचा हौद त्याच्या सहा-सात पट. स्ट्रक्चरल इंजिनियरने ड्रॉइंग बघून लेखी दिल्याशिवाय बांधू नका. सोसायटी हरकत घेईलच.

कुंड्याच हव्या तर २०० लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापून, किंवा १८ ते २० इंची कुंड्या, अर्धं कोकोपीट असलेल्या मिश्रणाने भरलेल्या. तरी भरलेला अर्धा ड्रम सव्वाशे किलो होतो. कठड्याखाली बीम असतो, त्याच रेषेत ठेवा, सहा फुटांवर एक. खाली विटांचे पाय द्या, कुंडी फरशीवर टेकवू नका. भोकातून निघालेलं मूळ कोब्यात शिरलं की वॉटरप्रूफिंगची वाट लागते, आणि खालच्या मजल्यावर ओल उतरेपर्यंत कळत नाही. दर तीन महिन्यांनी कुंडी तिरकी करून खालून बघा.

खुरपं
भर घालतो. पाचव्या मजल्याच्या वाऱ्याला आठ फुटांपेक्षा उंच ठेवू नका, कुंडीच आडवी होते. कुंडीत दोन वर्षांत मुळांचा नुसता गोळा होतो आणि पाणी कडेने वाहून जातं. तेव्हा जूनमध्ये बाहेर काढून गोळा करवतीने अर्धा करा, एक अर्धा नव्या मातीत, दुसऱ्या अर्ध्याची दुसरी कुंडी. कुंडीसाठी फुगीर कांड्यांचा बुद्ध बेलीही चांगला, पाणी जरा ताणून दिलं की कांडी जास्त फुगतात. आणि पाण्याच्या भांड्यात ठेवतात तो लकी बांबू बांबूच नव्हे, ड्रॅसिना आहे. तो उन्हात गच्चीवर ठेवून मेला म्हणून बांबूला दोष देऊ नका.

सुरंगी
शेवटचं. विरळणीत निघालेल्या काठ्या वेलींच्या आधाराला वापरता येतील ना? भुंगा लागून पिठूळ होतात म्हणतात.

लाल_माती
येतील. भुंगा येतो काठीतल्या पिठासाठी, आणि कोवळ्या काठीत ओल आणि पीठ दोन्ही जास्त. म्हणून तीन वर्षांच्याच काठ्या, त्याही थंडीत कापलेल्या. कापल्या दिवशी फांद्या काढू नका. पाल्यासकट आठवडाभर सावलीत उभ्या ठेवा, पानं आतलं पाणी ओढून घेतात. मग फांद्या तासून टाकीत पूर्ण बुडवा, वर दगड ठेवा, दोन आठवडे. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर वास सुटतो. नंतर सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर चिरते.

छपराखाली वापरायच्या असतील तर २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड, आठवडाभर बुडवून. आधी प्रत्येक कांड्याला बारीक भोक पाडा, नाहीतर द्रावण आत जात नाही. उरलेलं द्रावण झाडांना घालू नका, बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. उघड्यावर पावसात हे मीठ धुऊन जातं, तेव्हा दोडक्या-कारल्याच्या मांडवाला नुसत्या भिजवलेल्या काठ्या पुरेत. जमिनीत जाणाऱ्या फूटभर टोकाला गरम डांबर लावा, वाळवी तिथूनच चढते.